आठवतंय तोवर

उत्तर न दिलेलं ते पत्र थोरलीला तोंडपाठ होतं. पाठ व्हावं असं त्यात खरं तर काही नव्हतं. धाकट्या जावेचं पत्र, चार गल्ल्या पलीकडून आलेलं, आणि तेही पोस्टाने. मजकूर असा होता: "जाऊबाई, यंदाच्या उन्हाळी बैठकीचं सगळं मीच बघणार आहे. तुम्ही नुसतं येऊन बसायचं. तुमच्या अननसाच्या कॉकटेलची कृती तेवढी आठवतंय तोवर लिहून पाठवा. फोनवर बोललेलं हल्ली तुमच्या लक्षात राहत नाही, म्हणून लेखी."

आठवतंय तोवर. हे दोन शब्द थोरलीने पहिल्यांदा वाचले तेव्हा ती दारातच उभी होती. चप्पल पायातून निघाली नव्हती आणि भाजीची पिशवी हातात तशीच होती. मग तिने पत्र घडी करून कपाटाच्या खणात टाकलं, सुया-दोऱ्यांच्या डब्याखाली. तिथून ते कधी बाहेर काढलं नाही. काढायची गरजच नव्हती.

या विसरण्याच्या गोष्टीचं मूळ होतं मिठात. गेल्या उन्हाळ्यात, थोरले गेल्यानंतरच्या पहिल्या बैठकीला, धाकटीच्या स्वयंपाकघरात थोरलीने पाकात साखरेऐवजी मीठ घातलं होतं. घातलं होतं हे खरं. धाकटीने आदल्या आठवड्यात सगळे डबे नव्या फळीवर हलवले होते आणि साखरेच्या जागी मीठ आलं होतं, हेही तितकंच खरं. पण डब्यांचं कुणी ऐकून घेतलं नाही. धाकटी ती हकिकत सांगत सुटली. आणि धाकटी एखादी गोष्ट सांगायला लागली, की राई पेरायचीच खोटी, पर्वत आपोआप उगवायचा. पहिल्या खेपेला मीठ होतं, दुसऱ्या खेपेला खाण्याचा सोडा झाला, आणि नातेवाइकांत फिरत फिरत ती गोष्ट थोरलीच्या कानावर परत आली तेव्हा पाकात साबणाचा चुरा पडलेला होता.

हसण्यावारी न्यायची गोष्ट होती, पण हसण्यावारी गेली नाही. परगावी नोकरी करणारा थोरलीचा मुलगा दर फोनला आधी गॅस बंद केलास का विचारायचा, मग जेवलीस का. महिन्यापूर्वी त्याने घराच्या किल्लीची एक जोड करून काकूकडे ठेवायला दिली. आणि आता ठरत आलं होतं, की थोरलीचं घर बंद करायचं आणि तिने धाकटीच्या मागच्या खोलीत राहायला जायचं. तिथे लक्ष राहील, असं सगळ्यांचं म्हणणं. कुणाचं लक्ष, हे कुणी म्हणत नव्हतं. यंदाच्या बैठकीत सगळे जमले, की सगळ्यांसमोर एकदा पक्कं करून टाकू, असं दीर फोनवर म्हणाले होते. दीर माणूस वाईट नव्हता. बायको बोलली की मान हलवायची, एवढं एकच काम त्यांनी संसारात मन लावून केलं होतं.

थोरली भांडू शकली असती. पण भांडणारी म्हातारी ही विसरणाऱ्या म्हातारीची पुढची पायरी असते, एवढं तिला कळत होतं. शिवाय एक गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती. रात्री अंथरुणाला पाठ टेकली, की ती स्वतःचीच परीक्षा घ्यायची. लग्नातल्या साडीचा रंग. सासूबाईंच्या चष्म्याची काडी कुठल्या बाजूने तुटलेली होती. एखादं उत्तर पटकन आलं नाही तर तिला घाम फुटायचा. लोक म्हणतात ते खरं असलं तर? धाकटीने तिच्याबद्दल गावभर केलं ते एक वेळ ती विसरली असती. पण धाकटीने तिच्या मनात ही जी शंका पेरली होती, तिचा सूड घ्यायचाच, हे थोरलीने ठरवून टाकलं होतं. कसा घ्यायचा तेवढं काही सुचत नव्हतं.

बैठकीच्या दिवशी मुलगा तिला न्यायला आला. वाटेत त्याने दोनदा विचारलं, कुलूप नीट लावलंस ना. दोन्ही वेळा ती हो म्हणाली. दुसऱ्या वेळी मात्र तिने पिशवीत हात घालून किल्ली चाचपली, आणि तेवढ्याने तिला स्वतःचाच राग आला.

धाकटीच्या घरामागे भिंतीने वेढलेलं अंगण होतं. भिंतीलगत लांब टेबलं मांडली होती, वर कापडी छत ताणलं होतं. छत नवं होतं, पण उन्हाला त्याचं काही वाटत नव्हतं. थोरली सवयीने आधी स्वयंपाकघराकडे वळली, मुलगा पिशवी घेऊन मागोमाग. ओट्यावर अननसाच्या सालींचा ढीग पडला होता. संत्री पिळून झाली होती. मिक्सरच्या भांड्यातून अननसाचा पिवळा रस गाळून धाकटी तो मोठ्या पातेल्यात ओतत होती, आणि पातेल्यात आधीच पांढरंशुभ्र क्रीम आणि आटवलेलं थंड दूध होतं. बाजूला रमची बाटली. मुलांसाठी कलिंगडाचा रस वेगळा काढलेला. सगळं कसं टापटीप.

आणि गॅस स्वच्छ होता. कोरडा, थंड, चकचकीत पुसलेला.

थोरली दारातच थबकली. कच्चा अननस दुधात फार वेळ राहिला, की दूध कडू होतं. पहिल्या घोटाला कळत नाही, सुरुवातीला उलट फार सुरेख लागतं. मग हळूहळू त्याला दाणे धरतात आणि जिभेच्या मुळाशी औषधासारखा कडूपणा बसतो. म्हणून अननसाचा गर आधी गॅसवर चांगली वाफ येईपर्यंत तापवायचा, पुरता गार करायचा, आणि मगच दुधात घालायचा. हे काम ती दरवर्षी आपल्या घरी सकाळीच उरकायची. थोरले वर्तमानपत्र एका हातात धरून दुसऱ्या हाताने गर ढवळत उभे असायचे, आणि अग्रलेख आवडला नाही की चमच्याचा वेग वाढायचा. इथे यायचं ते गार झालेल्या गराचं झाकणाचं भांडं घेऊन. धाकटीने इतक्या वर्षांत ते भांडं उघडताना पाहिलं होतं, गर दुधात पडताना पाहिला होता, प्रमाणसुद्धा नजरेने टिपलं होतं. गॅस तेवढा तिने कधी पाहिला नव्हता. थोरलीने लपवलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

आता सांगायला हवं होतं. अजून वेळ होता. लगेच पेले भरून लगेच प्यायले असते तर निभावलंही असतं. थोरलीने तोंड उघडलं.

"या, या जाऊबाई," धाकटी मागे न बघताच म्हणाली. "तुम्ही बाहेर बसा निवांत. इथे कशाला हात लावू नका हं, डब्यांच्या जागा मी परत बदलल्यात." आणि फळं चिरत बसलेल्या दोन भाचेसुनांकडे बघून तिने डोळा मिचकावला. त्या दोघी खाली मान घालून हसल्या.

थोरलीने तोंड मिटलं.

धाकटीने हात पुसले, कमरेला खोचलेला एक कागद काढला आणि थोरलीच्या हातात दिला. यंदापासून बोलायचा मान तुमचा, ती म्हणाली. त्या घरची रीतच होती. सासऱ्यांनी घालून दिलेली. पेले भरून प्रत्येकापुढे ठेवायचे, घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाने उभं राहून दोन शब्द बोलायचे, आणि ते पेला उचलत नाही तोवर कुणी ओठ लावायचे नाहीत. सासरे थोडक्यात आटपायचे. थोरले तर "सगळे आलात, बरं वाटलं" एवढंच म्हणून खाली बसायचे. गेल्या वर्षी दुःख ताजं म्हणून कुणी बोललंच नव्हतं. आता मोठी म्हणून राहिली होती थोरलीच.

"मी लिहून ठेवलंय," धाकटी म्हणाली. "नुसतं वाचायचं. अडलात तर हे सांभाळून घेतील."

कागदावर मोठ्या, ठळक अक्षरांत तीन ओळी होत्या. शाळेत नव्याने आलेल्या पोराला काढून द्याव्यात तशा. थोरलीने त्या वाचल्या, मग त्या गार गॅसकडे एकदा पाहिलं, आणि काय करायचं ते तिला लख्ख कळलं. इतके दिवस जे सुचत नव्हतं ते धाकटीनेच तिच्या हातावर ठेवलं होतं, तेही लेखी.

"किती काळजी करतेस गं," ती म्हणाली आणि बाहेर जाऊन बसली.

पेले भरले गेले. कडेला संत्र्याची फोड, वर पुदिन्याचं पान, आत बर्फाचे दोन खडे. धाकटीने स्वतः एक घोट घेऊन पाहिला आणि डोळे मिटून मान डोलावली. मुलांना कलिंगडाचे पेले देऊन दुसऱ्या टोकाला बसवलं. सगळे जागेवर आले. दीर, त्यांचा मुलगा आणि सून, थोरलीचा मुलगा, भाचे, भाचेसुना, आणि खुर्चीत उशी घेऊन बसलेल्या आत्याबाई, म्हणजे थोरलीची धाकटी नणंद. आत्याबाईंना ऐकू कमी यायचं, त्यामुळे त्या कुणाचं ऐकून घेत नसत आणि मनात येईल ते मोठ्याने बोलत.

थोरली उठली. हातातला कागद तिने नीट चौकोनी घडी केला आणि आपल्या पेल्याखाली ठेवला, पाण्याचा डाग पडू नये म्हणून ठेवतात तसा. धाकटीच्या ते लक्षात आलं. बाकी कुणाच्या नाही.

"सगळे आलात, बरं वाटलं," थोरली म्हणाली. एकदोघांचे हात पेल्याकडे गेले. "एवढं म्हणून खाली बसायचे आमचे हे. मी तेवढ्यावर बसणार नाही. मला जरा आठवतंय."

आणि ती आठवू लागली.

सुरुवात तिने पहिल्या बैठकीपासून केली. तेव्हा हे अंगण नव्हतं, नुसती मातीची मोकळी जागा होती. टेबल म्हणून सासऱ्यांनी घराचं मागचं दार काढून दोन पिंपांवर आडवं ठेवलं होतं, आणि मग रात्रभर दार नसलेल्या घरात सगळे मांजराला हाकलत जागे होते. दीर मोठ्याने हसले. ते मांजर त्यांनीच आणलेलं होतं, आणि थोरलीने त्या मांजराच्या कानाचा रंगसुद्धा सांगितला. मग ती एकेकाकडे वळली. थोरला भाचा पहिलीत नापास झाला तेव्हा त्याने प्रगतिपुस्तक कुंडीत पुरलं होतं आणि रोज त्याला पाणी घालत होता. दुसऱ्या भाच्याच्या लग्नात फोटोवाल्याने भलत्याच नवऱ्याचे फोटो काढले होते. तो परका नवरा अजून एका फोटोत आत्याबाईंच्या खांद्यावर हात ठेवून उभा आहे. आत्याबाईंना कुणीतरी कानात सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, दिसायला आपल्या पोरापेक्षा बरा होता तो.

लोक हसत होते. खुर्च्या पुढे सरकत होत्या. थोरली बोलता बोलता नजर खाली टाकायची ती आपल्या पेल्याकडे. बर्फाचे खडे बारीक होत चालले होते. क्रीमचा गुळगुळीत थर अजून गुळगुळीतच होता.

"जाऊबाई," धाकटी हसतमुखाने म्हणाली, "बर्फ वितळतोय."

"वितळू दे. बर्फच आहे तो, त्याला दुसरं काम काय?"

मग आलं पुतण्याचं झाडावरून पडणं. धाकटीचा हा मुलगा आता दोन पोरांचा बाप झाला होता आणि बापासारखीच मान हलवायला शिकला होता. लहानपणी तो मागच्या भिंतीवरून शेजाऱ्यांच्या झाडावर चढला आणि फांदीसकट खाली आला. थोरली त्याला उचलून दवाखान्यात पळाली होती, एका पायात चप्पल आणि एका पायात नाही अशी. "हाताचं हाड मोडलं होतं," ती म्हणाली. "म्हणजे... हा..."

आणि तिला आठवेना.

कुठला हात? उजवा की डावा? डोक्यात जिथे ते असायला हवं होतं तिथे काहीच नव्हतं, गार, पुसलेल्या गॅससारखं. मुलाने तिच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली वळवली. धाकटीच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू उमटलं. दयाळू, समजूतदार हसू, त्या मागच्या खोलीसारखंच नीट आवरून ठेवलेलं.

"असू दे जाऊबाई," ती हळुवार आवाजात म्हणाली. "बसा आता."

थोरलीने पुतण्याकडे पाहिलं. तो टेबलावर दोन्ही हात टेकून बसला होता. एक हात सरळ पसरला होता. दुसरा कोपरात जरासा वाकडा, पुरता सरळ न होणारा.

"डावा," थोरली म्हणाली. "डावा हात. बघत होते, तुला स्वतःला आठवतंय का ते."

पुतण्याने मान हलवली. सगळ्यांनी श्वास सोडला. हे आपण आठवून सांगितलं नाही, बघून सांगितलं, हे थोरलीला एकटीला माहीत होतं. पण धाकटीच्या त्या हसण्याने तिला बसू दिलं नाही. तिने खाली पाहिलं. पेल्याच्या काठाला, क्रीमच्या थरात, रव्यासारखे बारीक दाणे दिसू लागले होते.

अजून थोडा वेळ. फार नाही.

"शेवटचं सांगते आणि बसते," ती म्हणाली. "धाकटी या घरात आली त्या आठवड्यातलं. सासूबाई बाहेर गेल्या होत्या. घरात दूध आलेलं, सगळ्या दिवसाचं. ते धाकटीने तापायला ठेवलं आणि वरच्या खिडकीत जाऊन बसली, भाऊजी कामावरून यायची वेळ झाली म्हणून." दीर लाजले. "दूध करपलं. पातेलं काळं ठिक्कर. सासूबाईंच्या घरात दूध करपणं म्हणजे काय, ते आत्याबाईंना विचारा. ही रडत माझ्याकडे आली. सासूबाई आल्यावर मी सांगितलं, माझ्या हातून झालं. मी विसरले."

धाकटीचं हसू जागच्या जागी थिजलं होतं.

"पुढे कितीतरी दिवस सासूबाई मला विसराळू म्हणायच्या. मी कधी काही बोलले नाही. का बोलले नाही..." थोरलीने धाकटीकडे पाहिलं. "तेवढं मात्र आता आठवत नाही."

दिरांनी बायकोकडे पाहिलं, आणि आयुष्यात बहुधा प्रथमच त्यांची मान हलली नाही.

थोरलीने पेला उचलला. "घ्या."

ऊन तापलेलं, घसे कोरडे पडलेले. सगळ्यांनी मोठमोठे घोट घेतले. पहिला क्षण काही झालं नाही. मग एक भाचा खोकला. एका भाचेसुनेने तोंडावर रुमाल धरला. दिरांनी गिळलं, पण गिळतानाचा त्यांचा चेहरा टेबलावरच्या प्रत्येकाने पाहिला.

"कडू आहे गं हे," आत्याबाई अंगणभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "कोणी केलंय?"

"मी," धाकटी म्हणाली. तिने आपल्या पेल्यातला घोट घेतला आणि तिचा चेहरा उतरला. "मघाशी गोड होतं. मी चाखलं होतं. खरंच, मी स्वतः चाखलं होतं."

तिचं कुणाला खरं वाटलं नाही. तसं वाटायला कारणही नव्हतं. आणि मग थोरलीच्या मुलाने, कसलाही कावा नसलेल्या त्या सरळ पोराने, अगदी काळजीने विचारलं, "काकू, चुकून दुसरं काही पडलं नाही ना? डब्यांच्या जागा बदलल्यात म्हणत होतात."

आधी एक जण हसला. मग दुसरा. मग टेबलच्या टेबल हसायला लागलं, आत्याबाईंसकट, ज्यांना काय झालं ते ऐकूच आलं नव्हतं. मुलं दुसऱ्या टोकाला कलिंगडाचे पेले घेऊन मोठ्यांकडे बघत राहिली. धाकटी उभी होती, हातात पेला घेऊन, आणि प्रत्येकाला पुन्हा सांगत होती की तिने चाखलं होतं. जितकं सांगत होती तितकं ते पटत नव्हतं. ही वाट थोरलीच्या पायाखालची होती. गेलं वर्षभर ती याच वाटेवरून चालत होती.

थोरलीने आपला पेला शेवटच्या थेंबापर्यंत संपवला. कडू होता, चांगलाच. पण त्या पेल्यावर तिने इतकी मेहनत घेतली होती, की टाकवेना.

ऊन कलल्यावर पेले आत नेताना तिला धाकटी ओट्याशी एकटी दिसली. पातेल्यातलं उरलेलं मोरीत ओतत होती. डोळे लाल झाले होते. थोरलीला वाटलं होतं, हे पाहून गार वाटेल. वाटलंही. मात्र वाटलं होतं त्यापेक्षा थोडं कमी.

"जाऊबाई," धाकटी पाठमोरीच म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मग काय चुकलं माझं?"

त्या प्रश्नाची उत्तरं बरीच होती. थोरलीने हातातले पेले ओट्यावर ठेवले. "लिहून कळवीन," ती म्हणाली. "फोनवर सांगितलं तर तुझ्या लक्षात राहायचं नाही."

मागच्या खोलीचा विषय त्या दिवशी निघाला नाही. घरी सोडताना मुलगा म्हणाला, खोलीचं बघू पुढे कधीतरी. बघायचं काय त्यात, थोरलीने विचारलं, आणि काकूकडे दिलेली किल्ल्यांची जोड उद्या परत आणून दे म्हणून सांगितलं. तो बरं म्हणाला. कुलूप नीट लावलंस ना, हे त्याने परतताना एकदाही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती टेबलाशी कागद घेऊन बसली. चुकीची कृती लिहून पाठवावी, असं मनात येऊन गेलं. गर तापवायचा मुद्दा गाळावा, किंवा संत्र्याचं प्रमाण दुप्पट करावं. पण मग धाकटी लोकांना सांगत फिरली असती, बघा, विसरल्या. तेव्हा थोरलीने सगळं खरं लिहिलं. अगदी बारीकसारीक. गराला वाफ कशी यायला हवी, गार किती व्हायला हवा, चमचा कुठल्या दिशेने फिरवायचा, जरी दिशेने काही फरक पडत नसला तरी. पुढच्या उन्हाळ्यात धाकटी हे नेमकं असंच करील. उत्तम होईल. आणि प्रत्येक जण पहिला घोट जपून घेईल, नजर धाकटीकडे ठेवून. जन्मभर घेईल. चुकीचं काही लिहायची गरजच नव्हती.

शेवटी तिने एक ओळ घातली: "आठवतंय तोवर लिहिलं आहे. जपून ठेव."

पोस्टाची पेटी कोपऱ्यावरच होती. पाकीट पेटीच्या तोंडाशी धरलं आणि तिचा हात थांबला. पत्त्यात घरक्रमांक घातला का? तिला आठवेना. तिथेच भर उन्हात उभी राहून ती आठवायचा प्रयत्न करत राहिली, आणि मग पाकीट उलटं करून पाहिलं. क्रमांक होता. तिकीटही होतं, सरळ चिकटवलेलं.

तिने इकडेतिकडे पाहिलं. कुणी पाहत नव्हतं. मग तिने पत्र पेटीत सोडलं.